रस्त्याच्या वर हिरवी, खाली वाळलेली

ओरेगॉनच्या रोग रिव्हर-सिस्कियू नॅशनल फॉरेस्टमध्ये एक सीझन झाडांचे आजार बघणाऱ्या टीममध्ये होते, त्यातला एक दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही. (नावातला रोग म्हणजे नदी, अमेरिकेत १९६८ साली ज्या पहिल्या आठ नद्यांना वाइल्ड अँड सीनिक म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं त्यातली एक.)

आमचं काम पोर्ट ऑरफर्ड सिडरचं. हे झाड मूळचं फक्त दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियातलं, पाचशे वर्षं जगू शकतं, लाकडाला आल्यासारखा वास. त्याला मारतो फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव, आमच्या सुपारीवरच्या कोळेरोगाचाच भाऊबंद, फक्त तिकडे तो पावसात फळं गाळतो आणि इथे मुळातून शिरून आख्खं झाड घेतो. चिखलाबरोबर प्रवास करतो, पाण्यात पोहतो. १९५२ पासून ह्या जंगलांत आहे.

सकाळपासून एका ओढ्याने (आमच्याकडे पऱ्या म्हणतात तेवढाच) खालून वर चढत होतो. काठावरची सिडर उभीच्या उभी वाळलेली, दोघींच्या कवेत मावणार नाहीत अशी. एक अजून अर्धवट हिरवं होतं, सीनियरने छोट्या कुऱ्हाडीने बुंध्याची साल सोलली तर आत वरचा भाग सायीसारखा पांढरट आणि मुळाकडून चढत आलेला दालचिनीच्या रंगाचा डाग, मधली कड इतकी स्पष्ट की पेनाने आखल्यासारखी. ती "हो, तेच" एवढंच म्हणाली आणि जीपीएसवर पॉइंट घेतला.

थोडं वर गेलो तर ओढा ओलांडून जाणारा कच्चा रस्ता लागला. आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला सगळी सिडर हिरवीगार, एकसुद्धा मेलेलं नाही. मी तिथेच उभी राहिले. तिथला पाऊस हिवाळ्यात, तेव्हा असे रस्ते गेट लावून बंद ठेवतात ते ह्याच्याचसाठी, पण गेटला वळसा घालून गेलेल्या चाकांच्या खोल चाकोऱ्या अजून दिसत होत्या, आता वाळून कडक झालेल्या. कुणाच्या तरी टायरचा चिखल, बस, आणि खालचा सगळा काठ गेला. फार राग आला आणि रडूही.

परतताना गाडीपाशी ब्लीचच्या पाण्यात बूट घासले, खाचांतली माती काडीने उकरून काढली. रात्री घरी फोन केला, तिकडे सकाळ, बाबा बागेत निघालेले. त्यांनी विचारलं, बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) मारत नाहीत? म्हटलं, मुळात शिरल्यावर उपाय नाही, कॉटेज ग्रोव्हला डोरीना सेंटरमध्ये टिकाव धरणारी रोपं तयार करतायत, ती आहेत.

बाबा जरा गप्प होते. मग म्हणाले, "बूट नीट धुतलेस ना गो?"