झिजलेल्या कार्बनचा डबा : आमची वाटचाल

आमच्या काउंटरवर श्रीखंडाचा एक जुना डबा असतो. ड्रिलच्या मोटारीत फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरले की आम्ही ते त्यात टाकतो. नव्या गिऱ्हाइकाला ते भंगार वाटतं. आम्ही मात्र धंदा बरा चाललाय की नाही, हे गल्ल्याआधी त्या डब्यात बघतो. असं का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८८ साली सांगलीत गणपती पेठेच्या एका बोळात रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, दुकान टाकलं. दहा बाय बाराचा भाड्याचा गाळा, एक वायंडिंग मशीन आणि वार्निशचा वास. काम बहुतेक विहिरीवरच्या मोटारींचं. ड्रिल आलं तर महिन्याला एखादं, तेही कुपवाडच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून. ॲल्युमिनियमची बॉडी, दोन्ही हातांनी धरावं लागेल असं वजन आणि तीन पिनांची वायर. त्यातली हिरवी वायर बॉडीला जोडलेली. आतलं इन्शुलेशन गेलं तर करंट माणसातून न जाता त्या वायरीतून जमिनीत जावा, म्हणून. पण साइटवर पिन बसत नाही म्हणून ती कापून टाकायची आणि उरलेल्या दोन वायरी काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवायच्या, ही सर्रास पद्धत. कुणी मशीन घेऊन आलं की अप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “मशीन राहू दे, आधी पिन दाखव.”

पुढं प्लास्टिक बॉडीची ड्रिल आली. त्यांच्या नावपट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. आत दुहेरी इन्शुलेशन आहे, त्यामुळं अर्थिंगची वायर लागत नाही, असा तिचा अर्थ. दोनच पिना बघून “कंपनीनं वायर वाचवली” म्हणणारे आजही भेटतात. ही मशीन हलकी आणि स्वस्त असल्यानं इलेक्ट्रिशियन, फर्निचरवाले, फॅब्रिकेशनवाले सगळ्यांच्या पिशवीत गेली आणि तिथून आमच्या टेबलावर आली. २००४-०५ पर्यंत पंपाच्या मोटारी कमी आणि ड्रिल जास्त, अशी स्थिती झाली.

खरं सांगायचं तर तेव्हा आमचं पोट जळक्या आर्मेचरवर, म्हणजे मोटारीतल्या तार गुंडाळलेल्या फिरत्या भागावर, चालायचं. “अप्पा, मशीन जाळ काढाय लागलंय,” असं म्हणत माणूस यायचा तेव्हा उशीर झालेला असायचा. कार्बनखाली निळसर बारीक ठिणगी दिसते, ती चालते. पण कॉम्युटेटरभोवती, म्हणजे कार्बन जिथं टेकतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाभोवती, पिवळा-लाल जाळ गोल फिरायला लागला की समजायचं, प्रकरण आर्मेचरपर्यंत गेलंय. अप्पा आर्मेचर ग्रोलरवर, म्हणजे शॉर्ट शोधायच्या चुंबकी उपकरणावर, ठेवायचे आणि वरून हॅक्सॉचं पान हळूहळू फिरवायचे. ज्या खाचेत वायंडिंग शॉर्ट असेल तिथं पान थरथरून कुरकुरतं. लहानपणी मला तो आवाज जादूचा वाटे. गिऱ्हाइकाला तो आठशे-हजार रुपयांचा वाटत असणार. आणि या सगळ्याची सुरुवात बहुतेक वेळा पन्नास-साठ रुपयांच्या कार्बनच्या जोडीपासून झालेली असते. कार्बन आखूड झाला की मागच्या स्प्रिंगचा दाब कमी पडतो, तो कॉम्युटेटरवर नीट टेकत नाही, ठिणग्या वाढतात, तांबं खरवडलं जातं. साधारण पाच-सहा मिलिमीटर उरला की बदलायचा, आणि दोन्ही एकदम बदलायचे. एक नवा, एक जुना असं केलं की नवाही लवकर जातो.

२००७ च्या उन्हाळ्यात आमच्याच दुकानात जे झालं, त्यानं सगळं बदललं. भारनियमनाचे दिवस होते. अप्पांच्या हाताखाली शिकायला आलेला एक मुलगा लोखंडी पट्टीला भोकं मारत होता. बोट दुखू नये म्हणून ट्रिगर दाबून त्यानं बाजूचं लॉकचं बटण आत ढकललेलं. मध्येच लाइट गेली. मशीन थांबलं. लॉक तसंच. तेवढ्यात भोक पाडणारं बिट बदलून घ्यावं म्हणून त्यानं ते धरणाऱ्या चकला चावी लावली, कुणीतरी चहाला हाक मारली, चावी चकमध्येच राहिली. तो चहा पिऊन परत टेबलाशी आला आणि लाइटही परत आली. मशीन आपोआप फिरलं, चावी सुटून थेट त्याच्या भुवईवर. तीन टाके पडले. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता.

अप्पा त्याला एक शब्दही बोलले नाहीत. रात्री उशिरापर्यंत दुकानात बसले. सकाळी बघते तर प्रत्येक ड्रिलची चावी वायरीला सुतळीनं बांधलेली, पण मशीनजवळ नाही, पार पिनेजवळ. म्हणजे चावी चकपर्यंत न्यायची तर पिन सॉकेटमधून काढावीच लागणार. इतकी साधी गोष्ट! मी पुढं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, पण त्या सुतळीएवढं कामाचं तिथं थोडंच सापडलं.

२००९ मध्ये आम्ही मशीन भाड्यानं द्यायला लागलो. अट एकच. डिपॉझिट कमी असलं तरी चालेल, पण काउंटरवर पाच मिनिटं ऐकून घ्यायचं. लोक वैतागायचे. “होल मारायचाय ताई, विमान नाही चालवायचं,” असं एक जण मला म्हणाला होता. मी २०११ पासून काउंटर सांभाळते. मशीन हातात घेण्याआधी वेणीचा अंबाडा घालते आणि ओढणी खुंटीला अडकवते, हे बघूनच निम्मं काम होतं. हातमोज्यांवर मात्र वाद ठरलेला. लोकांना वाटतं, मोजे म्हणजे सुरक्षितता. फिरत्या बिटाजवळ सैल सुती मोजा म्हणजे उलट आमंत्रण आहे. एक धागा अडकला की मोजा गुंडाळला जातो आणि त्याच्या आत बोट असतं. मोजे घाला बिट बदलताना, कारण ते तापलेलं असतं, आणि कीस झाडताना. चालू मशीनला चष्मा हवा, मोजे नकोत.

आमची खरी शाळा भरली ती तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांमुळं. बागेच्या मांडवाला लोखंडी अँगल लागतात, त्यांना तार ओवायला शेकड्यानं भोकं. त्यांची पद्धत अशी : दहा एमएमचं बिट लावायचं, ट्रिगर पूर्ण दाबायचा, अंगाचा भार टाकायचा. दहा भोकांत बिटाचं टोक निळं. मग गडी म्हणणार, बिट डुप्लिकेट आहे. तसं नसतं. लहान ड्रिल मोकळं फिरताना मिनिटाला अडीच हजार फेऱ्या सहज घेतं. दहा एमएमच्या साध्या हायस्पीड बिटाला मऊ लोखंडात आठशेच्या आसपास फेऱ्या पुरतात. बिट दुप्पट जाड तर वेग निम्मा, हा हिशोब मी त्यांना उसाच्या कांड्यावर रेघा मारून समजावला आहे. आधी पंच मारा म्हणजे बिट घसरणार नाही, मग चारचं भोक, मग दहाचं, आणि तेलाचे दोन थेंब.

सर्वांत वाईट क्षण भोक पडतानाचा. बिट पलीकडं निघताना कडेला दात धरतं आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. पट्टी क्लँपमध्ये असेल तर मशीन फिरतं आणि मनगट पिळतं. म्हणून शेवटच्या मिलिमीटरला दाब सोडायचा आणि मोठ्या ड्रिलला बाजूचा दांडा लावायचाच. तो दांडा भाड्याच्या मशीनबरोबर हटकून हरवायचा. आता आम्ही त्याचे वेगळे दोनशे रुपये डिपॉझिट घेतो. तेव्हापासून एकही हरवलेला नाही.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकराला सांगायला नको. कृष्णेच्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या गाळ्यात माळ्यापर्यंत आलं. गिऱ्हाइकांची आणि आमची मिळून साठेक मशीन गाळात. पाणी ओसरल्यावर लोकांनी घाई केली. एक दिवस उन्हात ठेवलं, चालतंय का बघू म्हणून पिन लावली आणि जाळलं. पुराचं पाणी वाळलं तरी आत बारीक गाळ राहतो. तो ओल धरतो आणि बेअरिंग खातो. आम्ही प्रत्येक मशीन पूर्ण खोललं, सुटे भाग स्वच्छ पाण्यानं धुतले, मग बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत दोन-दोन दिवस शेकले. बेअरिंग आणि ग्रीस सरसकट नवं. शेवटी ५०० व्होल्टचा मेगर लावून इन्शुलेशन तपासलं. त्यात जे बसलं नाही ते परत दिलं नाही, मग मालक कितीही चिडो. चाळीसेक वाचली. पैसे फक्त पार्टचे घेतले. त्या महिन्याचं भाडं गाळेमालकानंही मागितलं नव्हतं.

त्याच दिवसांत हॅमरला, म्हणजे भिंतीत ठोकत भोक पाडणाऱ्या ड्रिलला, भलती मागणी आली, कारण गावभर फळ्या, कपाटं, बोर्ड पुन्हा बसवायचे होते. भिंती मात्र ओल्या आणि आत कन्सील्ड वायरिंग. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक मारू नका, हे आम्ही एरवीही सांगतो, कारण वायरिंगचे पाइप बहुतेक तसेच गेलेले असतात. ओल्या भिंतीत तेवढ्यानं भागत नव्हतं. घराचा मेन बंद करा म्हणावं तर ड्रिल चालणार कशावर? तेव्हा उधारीवर दोन १८ व्होल्टची बॅटरी ड्रिल आणली. मेन बंद करायचा आणि काम करायचं. ती दोन मशीन तीन महिने दुकानात टेकली नाहीत.

आता आमच्याकडं अशी अकरा आहेत. त्यांची दुखणी वेगळी. कार्बन नसलेलं मॉडेल असेल तर माझा डबा उपाशी. बॅटरी पार उतरवून महिनोन्महिने कपाटात टाकली की ती मरते. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. फुगलेली तर खोलायचीच नाही, आणि पुरात बुडालेली चार्जही करायची नाही. बिट बदलताना वायरवाल्याची पिन, तशी हिची बॅटरी काढायची. हे मात्र कुणीच करत नाही. सुतळी बांधायला इथं वायरच नाही. यावर अजून उपाय सापडलेला नाही.

वायरवाल्या हॅमरचं सांगणं जुनंच आहे. टाइलवर सुरुवात करताना हॅमरिंग बंद, टाइल पार झाली की चालू. रोटरी हॅमरवर अंगाचा भार टाकू नका, ठोकायचं काम आतला पिस्टन करतो. बिटाच्या शँकला, म्हणजे मशीनमध्ये जाणाऱ्या टोकाला, ग्रीसचं बोट लावा. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापून वितळलेली मी पाहिली आहे. छतात भोक असेल तर बिटावर कागदी कप ओवा, धूळ कपात पडते. मास्क तरीही लावाच, सिमेंटची ती बारीक धूळ छातीत बसते.

हे सगळं सांगून आमचं नुकसान झालं का? झालं. रिवायंडिंगचं काम निम्म्यावर आलं. पण कार्बन बदलायला वेळेवर येणारे वाढले. डबा पूर्वी वर्षात भरायचा, आता चार महिन्यांत भरतो.

एक मोहीम मात्र अजून जिंकता आलेली नाही. दर वर्षी खंडेनवमीला लोक मशीन पुसून, धुऊन पुजतात आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं रांग लागते. मागच्या जाळीतून आत गेलेलं कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, आणि नारळ फोडताना उडालेलं पाणी. गेल्या वर्षी अप्पांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून दारात लावली : “हळद-कुंकू चकला लावावे, जाळीला नाही. नारळ बाहेर फोडावा.” दसऱ्यानंतर पहिलं मशीन आलं त्याच्या चकवर ठसठशीत कुंकू होतं. जाळी स्वच्छ. अप्पा खूश झाले. मग मी खोललं, तर स्विचमध्ये तांदूळ.