चिंचोक्यांची वजाबाकी

आज नगर तालुक्यातल्या एका खेड्यात चर्चच्या प्राथमिक शाळेत गेले होते. वर्ग चार, बाई दोनच. मनात म्हटलं, काय शिकत असतील इथं पोरं! तेवढ्यात तिसरीतली एक चिमुरडी ५२ वजा २७ करायला बसली. दहा-दहा चिंचोक्यांच्या पाच पुरचुंड्या, सुटे दोन. एक पुरचुंडी सोडली, सुटे बारा झाले, त्यातले सात बाजूला, उरलेल्या चारातल्या दोन पुरचुंड्याही बाजूला. झालं, पंचवीस! भरमसाट फी भरून माझ्या लेकीला दशक का सोडवतात ते सांगता येत नाही. (मला तरी कुठं येत होतं म्हणा.)

वाचन मात्र कच्चं. जोडाक्षर आलं की अडखळतात.

सावित्रीबाई शिकवण्याचे धडे घ्यायला नगरलाच मिस फरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे आल्या होत्या, ते आठवलं. निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी खाऊ नको, गोष्टीची पुस्तकं आणा."