दार उघडलं की समोर काय?

लालबागची आमची चाळ पाडली तेव्हा आत्या 67 वर्षांची होती. चार वर्षं भाड्याच्या घरात काढून ती टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेली. वास्तुशांतीच्या दिवशी तिने मला आधी संडास-बाथरूम दाखवलं, मग स्वयंपाकघर, आणि हॉल सगळ्यात शेवटी. "दोन-दोन नळ आहेत गं," म्हणाली. आयुष्यभर मजल्याच्या टोकाच्या संडासासमोर बादली घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई ती. त्या दिवशीचा तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

वर्षभराने ती बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. पडली सकाळी साडेनऊला, आणि कळलं दुपारी एकला, आई फोन उचलत नाही म्हणून माझा आतेभाऊ कामावरून धावत आला तेव्हा. शेजारच्या घरात तेव्हा माणसं होती. त्यांच्या टीव्हीचा आवाज तिला ऐकू येत होता. तिच्या हाका मात्र तिकडे पोचल्या नाहीत.

हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसून मी विचारलं, चाळीची आठवण येते का गं? तिने मान हलवली. "परत चाळीत नाही जायची मी. स्वतःचा संडास सोडून कोण जाईल? पण इथं दार उघडं ठेवलं तरी समोर भिंतच दिसते. मग उघडं ठेवून करू काय?"

मी आर्किटेक्ट आहे. अठरा वर्षं मुंबईत सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कामं करते. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, किती वाढणार, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, किती मिळणार, पार्किंग किती, हे प्रश्न मला रोज विचारले जातात आणि ते रास्तच आहेत. पण आत्याइतकी नेमकी मागणी आजवर एकाही क्लायंटने माझ्यापुढे ठेवली नव्हती.

चाळ पाडायच्या आदल्या महिन्यात मी टेप घेऊन गेले होते. तेव्हा नुसती आठवण म्हणून. गॅलरी 4 फूट 9 इंच रुंद. कठडा 3 फूट उंच, लाकडाच्या उभ्या दांड्यांचा. दर 11 फुटांवर एक दार. त्या पावणेपाच फुटांत आत्या दाराच्या चौकटीला पाठ लावून, पाटावर बसून मटार सोलायची. मांडी आणि परात मिळून पावणेतीन फूट जायचे. उरलेल्या दोन फुटांतून जाणाऱ्याला अंग चोरावं लागायचं, आणि अंग चोरताना माणूस काहीतरी बोलतोच. "आज मटार?" "हो, पाहुणे यायचेत." संपलं. एवढंच बोलणं, पण दिवसातून चाळीस वेळा. बसल्या जागेवरून कठड्याच्या दांड्यांमधून तिला चौक दिसायचा, चौकातला नळ दिसायचा, शाळेतून येणारी आम्ही पोरं दिसायचो. कोण आलं, कोण गेलं, कोण आज दिसलं नाही, हे तिला मुद्दाम पाहावं लागत नसे.

तिच्या टॉवरमधली लॉबी मी नंतर मोजली. 5 फूट रुंद. म्हणजे चाळीच्या गॅलरीपेक्षा तीन इंच जास्तच! एका बाजूला तीन लिफ्ट, दुसऱ्या बाजूला फ्लॅटची दारं, टोकाला डक्टचं दार आणि फायरचा होज रील. दिवसा दिवा लावावा लागतो. वारा नाही. पाट मांडून बसलं तर नजर लिफ्टच्या स्टीलच्या दारावर. तिथे कोण बसेल?

रुंदीने प्रश्न सुटत नाही, हे मला त्या दिवशी टेप गुंडाळताना कळलं.

मग मी दुसऱ्या टोकाने विचार करायला लागले. बीडीडी चाळी सगळ्यांना माहीत आहेत. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून 207 इमारती बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. तिथे आमच्यासारखी बाहेरची गॅलरी नाही. पॅसेज मधोमध, दोन्ही बाजूंना खोल्या. उजेड टोकांकडून येईल तेवढाच. चौक दिसत नाही, रस्ता दिसत नाही. तरी त्या पॅसेजमध्ये पिढ्यान् पिढ्या माणसं बसली, पोरांनी अभ्यास केले, रात्री अंथरुणं पडली. का? कारण 160 फुटांत सगळं कुटुंब मावत नव्हतं, आणि संडास सामाईक असल्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाच्या दारावरून जावंच लागायचं. तिथला शेजार गरजेने बांधलेला होता. आता वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या टॉवरमधल्या 500 फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ती गरज गेली. जायलाच हवी होती. शंभर वर्षं माणसांनी पुरेसं सोसलं. चाळीतल्या शेजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी पहाटे साडेचारला उठून संडासच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना एकदा विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

पण मग गरज गेल्यावर माणसाला दाराबाहेर आणणारं दुसरं काय उरतं? उजेड, वारा आणि बघायला काहीतरी. एवढंच. आणि या तिन्ही गोष्टी आमच्या हातात आहेत, प्लॅन काढणाऱ्याच्या.

त्या वर्षी डिसेंबरात मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला गेले. कॉलेजात असताना तिथे स्केचिंगला गेलो होतो, तेव्हा वडापाव जास्त लक्षात राहिला होता. या वेळी टेप नेली. चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 86 या काळात हे सेक्टर 8 मध्ये उभं केलं. ज्या तिघांनी साठच्या दशकात नव्या मुंबईची कल्पना मांडली, कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल, त्यांपैकी ते एक. रचना सांगायला सोपी आहे: सात घरांमध्ये एक छोटं अंगण, साधारण 8 मीटर बाय 8 मीटर. अशी तीन अंगणं मिळून 21 घरांचं मोठं अंगण, 12 बाय 12. तशी तीन मिळून त्याहून मोठा चौक. प्रत्येक घर स्वतःच्या प्लॉटवर, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे हवं तेव्हा एक खोली वाढवावी, वर मजला घ्यावा.

आणि लोकांनी तसंच केलं आहे. कोरियांची उतरत्या कौलांची मूळ घरं आता शोधावी लागतात. त्यांच्या जागी तीन-तीन मजल्यांची, टाईल लावलेली, स्टीलच्या रेलिंगची घरं उभी आहेत. आमच्या व्यवसायातले काही लोक याबद्दल हळहळतात. मला मात्र तिथे उभं राहून भरून आलं. घरं बदलली, अंगण तेवढंच राहिलं. कुणी ते गिळलं नाही. सात घरांचं आहे म्हणून. सत्तर घरांचं असतं तर ते कुणाचंच झालं नसतं, आणि कुणाचंच नसलेल्या जागेत आधी मोडकी स्कूटर येते, मग पत्र्याची शेड. सात घरं म्हणजे सगळी नावं पाठ असतात. मी एका अंगणात टेप टाकून वाकले होते, तेवढ्यात एका बाईंनी खिडकीतून विचारलं, "कोण हवंय?" अर्ध्या मिनिटात! आत्या साडेतीन तास पडून होती.

दोन वर्षांनी मुलुंडची सोसायटी आमच्याकडे आली. 1974 ची तीनमजली इमारत, 24 सभासद, लिफ्ट नाही. बिल्डरकडे जायचं नाही, स्वयंपुनर्विकास करायचा, असं त्यांनी सर्वसाधारण सभेत ठरवलं होतं. कर्ज सहकारी बँकेचं, विकायला 11 घरं, त्यातून खर्च भागवायचा. नवी इमारत स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला, अधिक सात मजले, प्रत्येक मजल्यावर पाच घरं. पाच! मी ऐकलं आणि मला ते बेलापूरचं अंगण दिसायला लागलं.

मी लॉबीच्या टोकाला, पश्चिमेकडे, 6 फूट बाय 10 फुटांची एक मोकळी जागा काढली. बाहेरच्या बाजूला भिंत नाही, फक्त कठडा. त्यात कडप्प्याचा ओटा, 16 इंच उंच, 16 इंच रुंद. आगीच्या वेळी उतरायची वाट मोकळी राहिलीच पाहिजे, म्हणून ओटा वाटेत नाही, कोनाड्यात. आणि पाचही दारं अशी फिरवली की एकाच्या दारातून दुसऱ्याचं घर आतपर्यंत दिसणार नाही, पण दार उघडलं की प्रत्येकाला ओट्याचा काही भाग आणि त्यापलीकडचं आकाश दिसेल. या दारांवर मी अकरा दिवस घालवले. चाळीत सगळ्यात जास्त जाच कशाचा असेल तर आत डोकावणाऱ्या नजरांचा, हे मला नव्या सुनांकडून ऐकून माहीत होतं.

पहिल्या मीटिंगला सेक्रेटरी काकांनी कॅल्क्युलेटर काढला. 60 फूट गुणिले सात मजले, 420 फूट. मुलुंडच्या तेव्हाच्या भावाने एक कोटीच्या घरात. "मॅडम, एक कोटीचा ओटा?"

हिशेब बरोबर होता. जिना, लिफ्ट आणि त्यापुढची लॉबी एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मोजणीतून, वगळायची सोय नियमात आहे, पण ही जागा मोजली जाणार असंच धरून चालायचं आम्ही ठरवलं होतं. एक चौरस फूट इकडे घेतला की तिकडे कुणाच्या तरी बेडरूममधून तो जातो. 2012 च्या जानेवारीत मुंबईचे नियम बदलले, बाल्कनी, फ्लॉवरबेड, व्हॉइड सगळं एफएसआयमध्ये धरलं जाऊ लागलं आणि बदल्यात 35 टक्के फंजिबल, म्हणजे जादा एफएसआय, मिळाला. त्यातून मोजणीबाहेर राहणारी चोरटी जागा बंद झाली, ते उत्तमच झालं. पण तेव्हापासून बहुतेक प्लॅनमधून बाल्कन्याही गेल्या, कारण मोजायचंच असेल तर लोक खोलीत मोजून घेतात. घराबाहेरची मोकळी जागा तर आधीच कुणाच्या कार्पेटमध्ये येत नाही. जी जागा कुणाच्याच करारनाम्यात लिहिलेली नाही, तिच्यासाठी भांडायला कोण उभं राहणार?

आक्षेप आणखी होते. कबुतरं येतील. पावसाची झड आत येईल. चपलांची कपाटं येतील. मुलं रात्री बसून सिगारेटी ओढतील. यातला एकही आक्षेप खोटा नाही, म्हणून मी प्रत्येकाला उत्तर काढून आणलं, झडीसाठी अडीच फुटांचा छज्जा, कबुतरांसाठी जाळी. चपलांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसऱ्या मीटिंगला मी आत्याची गोष्ट सांगितली. प्रेझेंटेशनमध्ये घरचं काही आणायचं नाही असं मला शिकवलं गेलंय, पण सांगितली. सभागृहातल्या 24 सभासदांपैकी निम्म्यांची मुलं पुण्यात, बंगळुरूत, परदेशात. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तळमजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, "माझे दहा फूट कमी करा हवं तर."

सातही मजले मिळाले नाहीत. दुसरा, चौथा आणि सहावा, तीन मजले मिळाले. बाकीच्या मजल्यांवर टोकाला मोठी खिडकी आली, उजेड आला, पण बसायला जागा नाही. मला हे अजून टोचतं. एका मजल्याला शेजार द्यायचा आणि त्याच्या वरच्याला नाही, यात न्याय नाही.

लोक राहायला येऊन आता दोन वर्षं झाली. सहाव्या मजल्यावरच्या ओट्यावर चपलांचं कपाट आणि एक लहान मुलाची सायकल आहे, बसणारं कुणी दिसत नाही. दुसऱ्यावर संध्याकाळी शिकवणी चालते, चार-पाच मुलं, ओट्यावर वह्या आणि मुलं खाली सतरंजीवर. चौथ्यावर एक काका सकाळी पेपर वाचतात. पत्नी गेल्यापासून एकटे राहतात. मागच्या पावसाळ्यात एकदा साडेआठ वाजून गेले तरी ओटा रिकामा आणि पेपर दाराच्या कडीला तसाच, म्हणून समोरच्या मुलीने बेल वाजवली. काकांना ताप होता, अंगात उठायचं त्राण नव्हतं. सेक्रेटरी काकांनी हे मला मुद्दाम फोन करून कळवलं. एक कोटीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

गेल्या महिन्यात आत्याला तिथे घेऊन गेले. ती आता काठी घेऊन चालते. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, समोरून वारा आला, आणि ती कुणी न सांगता सरळ ओट्याकडे गेली. बसली. कठड्याच्या खालच्या भागात मी भरीव पॅरापेट न देता उभ्या सळया दिल्या होत्या, तिच्या चाळीतल्या दांड्यांवरून. तिने काठी बाजूला ठेवली, वाकून खाली पाहिलं.

"गेट दिसतं," म्हणाली.

दहा मिनिटं बसली. दोन घरांतून माणसं आली, एकांनी पाणी आणून दिलं, कुठून आलात विचारलं. मग उठताना तिने कडप्प्यावर हात फिरवला. "पाठ टेकायला काही नाही गं इथं. चौकट होती आपल्याला."

ठाण्याच्या नव्या कामात ओटा सळयांपासून हलवून काटकोनात, बाजूच्या भिंतीला लावून घेतला आहे. भिंतीला 5 इंचांचा उतार दिलाय. गेट तिथून दिसतं का, हे अजून सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या नकाशात, तपासायचंय.