मारामारी कसली, लग्नघाई!

"दादा, लगेच या. तिघं मिळून तिला मारून टाकतायत!"

सकाळी साडेसहाला असा फोन आला तर दुसरा कुणी पोलिसांना कळवेल. मी फिश टँक आणि पाँडची देखभाल करतो, त्यामुळे 'ती' कोण हे विचारावं लागलं नाही. फोन नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधल्या काकूंचा होता. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी आखलेल्या त्या वसाहतीत घरांना अंगणं आहेत, म्हणून खराखुरा पाँड तिथे बघायला मिळतो. बाकी माझी बरीच गिऱ्हाइकं बाल्कनीतल्या टबालाच पाँड म्हणतात.

पोहोचलो तर काकूंच्या हातात निळ्या औषधाची बाटली. पाँडमधल्या गोल्डफिशवर पांढरे ठिपके आले होते, दुकानात फोटो दाखवला, त्यांनी रोग ठरवून बाटली हातात ठेवली. "झाकण उघडू नका," एवढं म्हणून मी कठड्याशी बसलो.

ठिपके त्या तिघांनाच होते. तेही फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या पंखांच्या कडेला. व्हाइट स्पॉटचा रोग असा जागा निवडून येत नाही, तो अंगभर, शेपटीवरसुद्धा पसरतो. हे ठिपके म्हणजे नर विणीसाठी तयार झाल्याची खूण. अंडी टाकायच्या बेतातली मादी पाण्यात काही द्रव्यं सोडते, त्यांचा वास लागला की नर तिची पाठ सोडत नाहीत. थंडी ओसरून पाणी तापू लागलं होतं, त्यात काकांनी आदल्या संध्याकाळी अर्धं पाणी बदललेलं. एवढं निमित्त पुरतं.

तिघं तिला जलपर्णीच्या मुळांत रेटत होते, पोटाच्या मागच्या बाजूला तोंडाने ढुशा देत होते. एकदम पाणी उसळलं, मादी आडवी झाली.

"काकू, मारामारी नाही ही. बाळंतपण म्हणा."

मुळांचा झुपका उचलून दाखवला. मोहरीएवढी, काचेसारखी आरपार अंडी केसाकेसाला चिकटलेली. तेवढ्यात एका नराने वळून तीच मटकावायला सुरुवात केली, मागोमाग मादीनेही. काकूंना हेच जास्त लागलं. "अगं बाई, स्वतःची?" गोल्डफिशला लेकराची माया नसते, दिसलं अंडं की खाल्लं.

मग टब मांडला. पाणी पाँडमधलंच घेतलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नको. झुपके त्यात सोडले, पंपाची हवा अगदी मंद ठेवली. फळली नाहीत ती अंडी पांढरी पडून बुरशी धरतात, ती चिमट्याने काढायला काकांना शिकवलं. आपल्याकडच्या उबेत तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि आधी नुसती भिंतीला चिकटून राहतात. पोटाखालच्या बलकावर त्यांचं भागतं. पोहायला लागेपर्यंत खायला काही घालायचं नाही, हे मी दोनदा बजावलं, कारण लोक इथेच अंड्याचा पिवळा बलक कालवून पाणी नासवतात.

महिन्याभराने काकूंचा फोन. "दादा, ही सगळी मळकट हिरवी निघालीत हो. दुसऱ्या कुठल्या माशाची अंडी तर नव्हती ना?"

पिल्लं सुरुवातीला अशीच दिसतात, म्हटलं, रंग उतरायला दोन-तीन महिने जातात, कधी जास्तही. काही मात्र जन्मभर मळकटच राहतात. ते मी काकांना वेगळा फोन करून सांगितलं.