एच-इंडेक्सच्या रकान्यात न मावणारी अँटिबॉडी

संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करत असल्यामुळे पदोन्नतीच्या फायली हलू लागल्या की शास्त्रज्ञ माझ्याकडे यायला लागतात. पुस्तकांसाठी नाही, आकड्यांसाठी. पेपर किती, सायटेशन, म्हणजे पुढच्या पेपरांतून मिळालेले संदर्भ, किती, स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळून किती, एच-इंडेक्स किती. यंदा ज्या मॅडमची फाइल आली त्यांची सगळी कारकीर्द अँटिबॉडीत गेली आहे. "जो आकडा येईल तो फॉर्मवर लिहा, मला सांगू नका," एवढं बोलून त्या प्रयोगशाळेत परत गेल्या.

आकडा एकच येत नाही, ही पहिली अडचण. डेटाबेस वेगवेगळे. स्कोपस एक सांगतं, वेब ऑफ सायन्स दुसरा, आणि गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, काय सापडेल ते मोजत असल्यामुळे बहुतेक वेळा सर्वांत मोठा. शिवाय मॅडमचे सुरुवातीचे पेपर लग्नाआधीच्या आडनावाने आहेत. संशोधकाची ओळख पटवणारे ऑर्किड क्रमांक आले 2012 मध्ये, त्याआधीचे पेपर एकेक करून हाताने जोडावे लागतात. ते काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

एच-इंडेक्सचा हिशेब सोपा आहे. ज्याचे वीस पेपर प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झाले त्याचा एच-इंडेक्स वीस. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो सुचवला आणि समित्यांना आयती फूटपट्टी मिळाली. पण एखाद्याचा एकच पेपर वीस हजार वेळा उद्धृत झाला, तरी या फूटपट्टीवर तो एकच.

अँटिबॉडीच्या क्षेत्रात हे फार खुपतं. केलर आणि मिलस्टीन या शास्त्रज्ञांचा 1975 चा 'नेचर' नियतकालिकातला पेपर जेमतेम तीन पानांचा आहे. अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी यांचा संयोग करायचा, म्हणजे एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तितकी मिळत राहते. अशा पेशी औषधोपचाराला आणि उद्योगाला उपयोगी पडू शकतील, असं त्यांनी शेवटी जाता जाता म्हटलंय. पेटंट घेतलं गेलं नाही, 1984 मध्ये नोबेल मिळालं. आज गर्भधारणेच्या चाचणीपासून कर्करोगावरच्या औषधांपर्यंत अशा एकाच प्रकारच्या, म्हणजे मोनोक्लोनल, अँटिबॉडी सगळीकडे आहेत, पण त्या वापरणारे किती जण या तीन पानांचा संदर्भ देतात? एलायझा या अँटिबॉडी वापरून केल्या जाणाऱ्या चाचणीचंही तेच. 1971 मध्ये स्टॉकहोमला एंगवाल आणि पर्लमान यांनी ती मांडली. आता लोक 'एलायझा केली' म्हणतात आणि पुढे जातात. शोध इतका अंगवळणी पडतो की त्याचा संदर्भ द्यायचीच गरज उरत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी सांगून ठेवलंय.

उलटंही घडतं. 'नेचर'ने 2014 मध्ये सर्वाधिक उद्धृत पेपरांची यादी छापली. पहिला लाउरी यांचा 1951 चा, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा, तीन लाखांहून जास्त सायटेशन. दुसरा लेमली यांचा 1970 चा, दोन लाखांहून जास्त. लेमलींचा पेपर खरं तर टी-4 नावाच्या विषाणूचं डोकं कसं जुळतं याबद्दल आहे, पण जग तो उद्धृत करतं त्यातल्या, प्रथिनं आकारानुसार वेगळी करायच्या जेलच्या पद्धतीसाठी. त्या दोन लाखांपैकी कितींनी ते विषाणूचं डोकं वाचलं असेल, मला शंका आहे.

मॅडमच्या यादीत सर्वांत वर आहे एक आढावा लेख. स्वतःच्या प्रयोगाचा एकही आकडा त्यात नाही, पण प्रस्तावनेत टाकायला सोयीचा, म्हणून सगळे टाकतात. आणि खाली, मोजक्या सायटेशनवर अडकलेला, एका क्लोनचा, म्हणजे एकाच अँटिबॉडी-पेशीपासून वाढवलेल्या पेशींचा, पेपर. या क्लोनपासून तयार होणारी अँटिबॉडी आता एक कंपनी विकते. मी सहज क्लोनचं नाव पूर्ण मजकुरात शोधलं, तर निकाल संपेनात. 'साहित्य आणि पद्धती' विभागात क्लोनचं नाव, कंपनी, कॅटलॉग क्रमांक, आणि मॅडमच्या पेपरचा उल्लेख नाही. संदर्भसूचीत नसेल तर डेटाबेसच्या दृष्टीने ते घडलेलंच नाही. नाइन-ई-टेन हा प्रसिद्ध क्लोन घ्या. मिक नावाच्या प्रथिनातला दहा अमिनो आम्लांचा तुकडा ओळखणारा, 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला. जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रिजमध्ये तो आहे, मूळ पेपर मात्र प्रत्येक वेळी आठवला जातोच असं नाही. आयोवा विद्यापीठातली हायब्रिडोमा बँक, म्हणजे अशा संयोग केलेल्या पेशींचा साठा, 1986 पासूनची, निदान क्लोन कुणी दिला ते लिहा असं सांगते. आणि आता आरआरआयडी नावाचे ओळखक्रमांक आहेत, प्रत्येक अँटिबॉडीला स्वतंत्र. त्यांच्यावरून माग काढता येतो.

मी तो काढला. आरआरआयडीवरून सापडलेल्या पेपरांची यादी फाइलला जोडली. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही, म्हणून 'इतर माहिती'खाली. यादी दाखवायला गेले तेव्हा वाटलं होतं, मॅडम खूश होतील. त्यांनी पेन काढलं आणि एकेक पेपर उघडून बघायला लागल्या.

"हा काढा. हाही."

का, म्हणून विचारलं. त्यांची अँटिबॉडी प्रथिनाची साखळी दुमडून होणारी घडी ओळखते, नुसती साखळी नाही. लेमलींच्या जेलमध्ये डिटर्जंट घालून ती घडीच उलगडलेली असते. त्यावर ही अँटिबॉडी लावून पट्टा दिसला, तर तो दुसऱ्याच कशाचा तरी असणार. ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी शंभरावर सहकाऱ्यांसह 2015 मध्ये 'नेचर'मध्ये हीच ओरड केली होती, की तपासणी न करता वापरलेल्या अँटिबॉडींमुळे प्रयोग पुन्हा जुळत नाहीत. ज्यांच्या अमिनो आम्लांचा क्रम माहीत आहे अशाच अँटिबॉडी वापरा, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "मॅडम, वापर तर झालाच ना, आकडा कमी होईल."

"होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि पुढचा पेपर उघडला.