मांगरची बणी आणि गुरुग्रामची टेकडी

नावापासूनच सांगतो, कारण आमचा पहिला तास तिथेच गेला. ‘अरावली बायोडायव्हर्सिटी पार्क’ नावाची दोन ठिकाणं आहेत. एक दिल्लीत वसंत विहारला, दुसरं तिथून दक्षिणेला गुरुग्रामात. टॅक्सीवाल्याने नकाशात आधी आलेलं नाव धरलं आणि आम्ही वसंत विहारच्या फाटकाशी उतरलो. तेही पार्क पाहण्यासारखं आहे, पण मला गुरुग्रामचं पाहायचं होतं. तेव्हा नकाशात नावापुढे ‘गुरुग्राम’ जरूर लिहा. मेट्रोने गेलात तर घोळच होत नाही: यलो लाइनवर गुरु द्रोणाचार्य स्टेशनला उतरा आणि तिथून रिक्षा करा.

पुण्यात आम्ही काही जण रविवारी सकाळी पाण्याच्या बाटल्या घेऊन टेकडी चढतो आणि रोपांना पाणी घालतो. गेली काही वर्षं एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आमच्या टेकडीवर हिरवं पुष्कळ आहे, पण त्यातलं बरंचसं गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया हे परदेशातून आलेलं झाड. लवकर वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून लावलं गेलं. त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवताना मला दिसत नाही. भाची गुरुग्रामला नोकरी करते. ती म्हणाली, “मामा, तुम्ही एकदा इथली टेकडी बघाच.” मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलो.

सुमारे ३९० एकरांची ही जागा मुळात दगडाच्या खाणींची. अरवलीतला क्वार्टझाइट दगड इथून वर्षानुवर्षं काढला गेला. खाणी बंद झाल्यावर उरले खड्डे, उघडे कातळ आणि वेडी बाभूळ. ही बाभूळ मूळची मेक्सिकोकडची, इंग्रजांच्या काळात दिल्लीच्या परिसरात मुद्दाम लावलेली. आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापुराकडे जिने गायरानं व्यापली तीच. वरून छाटली तर बुंध्यातून चौपट फुटते, मुळासकट काढावी लागते.

५ जून २०१० ला इथे पार्कची सुरुवात झाली. जमीन महापालिकेची, काम ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या गटाचं. लतिका ठुकराल त्यातल्या एक संस्थापक, पूर्वी बँकेत काम करणाऱ्या. जंगल कसं उभं करायचं याची बाजू विजय धस्माना यांनी सांभाळली. शाळांची मुलं आणि कंपन्यांतली माणसं लागवडीला आली. इथपर्यंतची गोष्ट वृक्षारोपणाच्या कुठल्याही कार्यक्रमासारखी वाटेल. फरक पडला तो रोपांच्या निवडीत. नेहमीच्या नर्सरीत मिळतात ती गुलमोहर-कॅशिया-सप्तपर्णीची रोपं त्यांनी आणली नाहीत. अरवलीत जी जंगलं अजून शाबूत आहेत तिथे जाऊन कुठल्या उतारावर काय उगवतं ते पाहिलं, बिया आणल्या आणि पार्कातच रोपवाटिका केली.

पार्कात सकाळी लवकर शिरा. आम्ही सातला आत होतो आणि पहिला तास जवळजवळ एकटेच. मुख्य वाटेवरून चालणारे-पळणारे भेटतात, पण खरं पाहायचं असेल तर बाजूच्या पायवाटांनी उतारावर जा. मार्चमध्ये बरीच झाडं निष्पर्ण असतात. नवख्याला वाटेल सगळं वाळलंय, पण पानगळीचं जंगल असंच दिसायला हवं. कातळावर कांडोळाचे पांढरे बुंधे उठून दिसत होते. सालई होती, साल कागदासारखी सुटलेली. हिरवंगार पाहायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा. झाडांची अंगकाठी ओळखायची असेल तर माझ्यासारखं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे-जूनमध्ये जाऊ नका, पारा पंचेचाळीसला टेकतो. नोव्हेंबरात दिल्लीची हवा फुप्फुसांना सोसत नाही.

मला ज्याची ओढ होती ते झाड म्हणजे धौ. आपल्या धावड्याचा लहानखुरा भाऊ म्हणा, पानं बारीक, फांद्या खाली झुकणाऱ्या. शेळ्या खात राहिल्या तर धौ मरत नाही, जमिनीलगत सतरंजीसारखा पसरतो आणि वर्षानुवर्षं तसाच तग धरतो. चराई थांबली की उभा राहतो. मुळांतून फुटवे काढत कातळाच्या भेगांतून पुढे सरकतो. पण बियांपासून रोप करणं फार कठीण, कारण बहुतेक बिया पोकळच निघतात. रोपवाटिकेत काम करणाऱ्या माणसाने पिशवीतली बोटभर रोपं दाखवली तेव्हा त्या रोपांमागची मेहनत कळली. आम्ही पुण्यात ‘यंदा किती झाडं लावली’ हा आकडा फळ्यावर लिहितो. हे एक रोप त्या आकड्यात कसं बसवायचं?

पुढे एका वळणावर पांढऱ्या फुलांनी भरलेलं झाड दिसलं. भाचीच्या फोनवर नाव आलं ‘चमरोड’. साल पाहिली, फुलं पाहिली आणि मी थांबलो. हा अजानवृक्ष! आळंदीला माउलींच्या समाधीपाशी ज्याची पानं लोक भक्तीने वेचतात, तोच. इथे तो अरवलीतलं एक साधं झाड म्हणून उतारावर वाढला होता. मी नकळत हात जोडले.

खाणीच्या एका खड्ड्यात पायऱ्यांचं खुलं सभागृह केलं आहे. तिथे बसून डबा खाल्ला. पाणी आणि खाणं सोबत न्या, रिकाम्या पिशव्या परत आणा. काटे भरपूर आहेत, सँडल नको, बूटच घाला. दुर्बीण असेल तर घ्या, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. सगळं नीट पाहायला तीन तास धरा आणि एकट्याने आडवाटेला जाऊ नका.

कडेला वेडी बाभूळ अजून आहेच. आत जिथे देशी झाडं बसली, तिथे खाली गवत आलं, झुडपं आली. टेकडीतून रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला होता तेव्हा गुरुग्रामची माणसं विरोधाला उभी राहिली. माझ्या मते ते जमलं, कारण तोवर हजारो लोकांनी तिथे स्वतःच्या हाताने काही ना काही लावलं होतं. २ फेब्रुवारी २०२२ ला, जागतिक पाणथळ दिनी, या पार्कला देशातलं पहिलं ‘ओईसीएम’ म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे अभयारण्य नाही, राष्ट्रीय उद्यान नाही, तरी जैवविविधता टिकवून धरणारी जागा.

हे ज्याच्यावरून घडवलं ते मूळ जंगल पाहिल्याशिवाय परतू नका. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्याने मांगर गावाकडे वळा. गावापलीकडच्या दरीत मांगर बणी आहे. बणी म्हणजे आपली देवराई. गुदडिया बाबांचं स्थान. इथली फांदी तोडली, गुरं चारली तर बाबांचा कोप होतो, ही मांगर, बंधवाडी आणि बलियावास या तिन्ही गावांची श्रद्धा. आजूबाजूचे डोंगर खाणींनी पोखरले, बणी राहिली. सुमारे ६७७ एकर. वरच्या कड्यावरून पाहिलं तर खाली धौचं सलग छत दिसतं, रोपवाटिकेतल्या पिशवीत बोटभर होता तोच धौ.

इथे जाताना टॅक्सी सोडू नका, परतीला वाहन मिळत नाही. गावात विचारूनच पुढे जा, शक्यतो गावातलं कुणी सोबत घ्या. आम्हाला एका आजोबांनी वाट दाखवली, पैसे घेतले नाहीत, एवढंच बजावलं, “लकड़ी मत तोड़ियो.” देवस्थानापाशी चपला काढा. गाणी लावू नका, डबा बाहेरच खा. पार्क ही फिरायची जागा आहे, बणी तशी नाही, आणि तिथे गर्दी न झालेलीच बरी. चार-पाच जणांहून जास्त जाऊ नका.

बणी नसती तर पार्कात काय लावायचं हे सांगायलाच कुणी उरलं नसतं. गावकऱ्यांनी शतकानुशतकं न तोडलेल्या फांद्यांवर शहरातलं हे काम उभं आहे. जमिनीच्या किमती चढल्यापासून बणीभोवतीच्या शिवाराची खरेदी-विक्री झाली आहे आणि तिच्या हद्दीवरून वाद होत आले आहेत, हे पाहून काळजी वाटते.

परत आल्यावर रविवारी टेकडीवर हे सगळं सांगितलं. एकाने सुचवलं, मुळशीच्या देवरायांतून बिया आणू. पण तिथला पाऊस वेगळा, ती झाडं आमच्या मुरमाड टेकडीवर टिकायची नाहीत. आपल्याला सिंहगड-पुरंदरकडच्या कोरड्या उतारांवरचा धावडा, सालई, कांडोळ शोधायला हवा. जिथे देवाचं रान असेल तिथे आधी गावाला विचारायचं. पडलेलं पानसुद्धा उचलू देत नाहीत अशी रानं आहेत, तिथे हात न लावता फक्त वही घेऊन जायचं आणि कुठल्या उतारावर काय उभं आहे ते लिहून आणायचं. पहिली फेरी पावसाळ्यानंतर ठरवली आहे.