एल्कचा कॅम्प, मोंटाना: तयारीची नोंद ३ (मांस, दोर, स्प्रे)

मागच्या नोंदीतली मांडणी कायम. तंबू वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चूल आणि खाण्याची जागा तिथून १०० यार्ड खाली. या वेळी सगळा भर एल्कची (मोठ्या रानटी हरणाची) शिकार पडल्यानंतरच्या सहा-सात तासांवर आहे. अस्वल रात्री तंबू फाडून आत शिरेल ही धास्ती सगळ्यांना असते, पण सप्टेंबरात धनुष्य घेऊन जाणाऱ्याने खरी काळजी करायची ती मांसापाशी.

कारण उघड आहे. ट्रेकरला सांगतात: बोलत चला, घोळक्याने चला, पहाट-संध्याकाळ टाळा. धनुष्यवाला नेमकं उलट करतो. पहाटे निघतो, आवाज न करता, वारा तोंडावर घेऊन, झाडोऱ्यात मिसळणारे कपडे घालून. वर एल्क मादीची हाळी वाजवतो, ती अस्वलालाही ऐकू जाते. थंडीच्या झोपेआधी चरबी साठवणारं ग्रिझली (तिथलं मोठं तपकिरी अस्वल) दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं. हे सगळं गृहीत धरूनच सामान लावायचं.

दोर

मोंटानातल्या गॅलॅटिनच्या सरकारी जंगलातला नियम: टांगलेल्या मांसाचं खालचं टोक जमिनीपासून १० फूट वर आणि झाडाच्या बुंध्यापासून ४ फूट लांब. ऐकायला सोपं, पण एल्कचा हाडासकट मागचा पाय ३० किलोच्या आसपास भरतो आणि तिथल्या पाइनच्या फांद्या तेवढं पेलत नाहीत. म्हणून दोन झाडांमध्ये आडवा दोर, मधोमध कप्पी.

इथे पहिल्या सरावात हिशोब चुकला. दोर ४ मीटरवर बांधला, म्हणजे १३ फूट, पुरेसं वाटलं. ७ मीटरच्या अंतरात ३० किलोला तो १ मीटर झोळला, खाली पिशवीची लांबी आणखी १ मीटर. टोक आलं २ मीटरवर, म्हणजे अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं की तोंडाशी. आता आडवा दोर साडेपाच मीटरवर. झोळ नको म्हणून ताणून बांधायचा मोह होतो, तो टाळा. १ मीटर झोळ असताना दोरावर साधारण ५० किलोचा ताण येतो. तोच झोळ ३० सेंटिमीटरवर आणला की पावणेदोनशे किलो. गाठ काचते, सालीत रुतते, सकाळी सुटत नाही. दोर कमी ताणला जाणारा, ८ मिलिमीटरचा, बुंध्याभोवती रुंद पट्टा. एका वेळी एकच पाय चढवायचा, चारही पायांना दोन जोड्या झाडं लागतात.

स्प्रे

अस्वलावर मारायच्या मिरचीच्या स्प्रेचा डबा किमान २२५ ग्रॅमचा, मागे तारीख बघून घेतलेला. विमानात हातातल्या किंवा चेक-इन सामानात, कुठेच चालत नाही. बोझमनला उतरून विकत घ्यायचा.

ग्रिझली सेकंदाला १५ मीटर धावतं. १८ मीटरवर असताना फवारा सोडला, तरी अंगावर यायला त्याला जेमतेम सव्वा सेकंद लागतो; डबा काढणं, पिन उडवणं त्याआधीच व्हायला हवं. सॅकमधला स्प्रे म्हणजे नसल्यातच जमा. कमरेला लावला तर सॅकचा पट्टा त्यावर बसतो. सॅकच्याच पट्ट्याला लावला तर मांस कापायला सॅक खाली ठेवली की डबाही तिच्यासोबत दहा पावलं लांब जातो, नेमका नको तेव्हा. शेवटी दुर्बिणीच्या हार्नेसवर (छातीवरच्या पट्ट्यांवर), उजव्या अंगाला. उजव्या हाताने धनुष्य ओढणाऱ्याची दोरी डाव्या छातीजवळून सुटते, तिथे काही असेल तर बाण भरकटतो.

सराव मिरची नसलेल्या सरावाच्या डब्यावर करा. दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. एक, नेम उंच जातो; फवारा थोडा खाली मारायचा, म्हणजे अस्वल ढगात शिरतं. दोन, एकाच दाबात डबा रिकामा होतो. दोन सेकंद, थांबा, बघा, पुन्हा. थंडीत दाब उतरतो, म्हणून रात्री डबा झोपायच्या पिशवीत. तंबूवर किंवा सॅकवर आधीच मारून ठेवू नका, वाळलेल्या मिरचीचा वास अस्वलाला उलट ओढून आणतो.

कापणी

पोट न फाडता वरच्या अंगाने सोलून पाय सुटे करायचे. वेळ वाचतो आणि कोथळा बाहेर न आल्याने वास कमी सुटतो. एकजण कापतो, दुसऱ्याने फक्त भोवताली बघायचं. सुरी धरायला दोघे आणि पाहऱ्याला कुणी नाही, हे सर्रास होतं. दुसरा स्प्रे कापणाऱ्याच्या हाताजवळ. प्रत्येक पाय कापडी पिशवीत भरून लगेच १०० यार्ड लांब, मोकळं दिसेल अशा जागी न्यायचा. झाडाला नारिंगी फीत, दुरून दिसणारी.

उरलेलं न्यायला परत येताना आवाज करत या आणि वारा पाठीवर घ्या, म्हणजे तुमचा वास आधी पोचेल. आधी दुर्बीण. कावळे, मॅगपाय एकदम उडाले, किंवा धडावर माती-गवताचा ढिगारा दिसला, तर ते मांस आता अस्वलाचं. मागे फिरा, वन्यजीव खात्याला कळवा. ग्रिझली १९७५पासून संरक्षित आहे. मांस वाचवायला गोळी चालवणं गुन्हा आहे.

डबा

खाणं ठेवायचा साडेअकरा लिटरचा अस्वलरोधक डबा कागदोपत्री एका माणसाला आठवडाभर पुरतो. भडंग नेलंत तर चार दिवस, अर्धा डबा हवाच असते. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी दाबून भरता येते. हिंगाची डबी, तुपाची रिकामी बाटली, टूथपेस्ट, अमृतांजन, उदबत्ती हेही त्यातच. अस्वलाच्या नाकाला सगळं खाद्यच. फोडणी उडालेला शर्ट तंबूत नको. डबा सपाट जागी ठेवा, दोराने बांधू नका, नाहीतर अस्वल दोर धरून घेऊन जातं.

राहिलेलं

विजेचं कुंपण. यंत्र ०.७ ज्यूलचं, ६,००० व्होल्टचं आहे, पण कोरड्या खडकाळ जमिनीत अर्थिंग लागत नाही. मीटर तारेवर पूर्ण दाखवतो आणि झटका बसत नाही. आता एक तार विजेची, एक अर्थची अशी आलटून पालटून बांधून बघायचं ठरलंय, म्हणजे दोन्हींना एकदम नाक लागलं की जमिनीचा संबंधच उरत नाही. गवत मात्र खालच्या तारेपर्यंत छाटावं लागेल.